पंडुमाआधीचा आंबा

नागपूरच्या एका कंपनीनं ‘रानगाव’ नावाचा ऑनलाइन गेम काढला. त्यात मोबाइलवर जंगलात झोपडी बांधायची, डुकरं पाळायची, आंबे तोडायचे आणि शेजाऱ्याच्या कुंपणावरून भांडायचं. शहरातली माणसं हे थकवा घालवायला करतात.

गेममधलं जंगल रंजीतानं रंगवलं होतं. ती हेमलकशाच्या पुढच्या एका गावची. कंपनीत जंगल पाहिलेली ती एकटीच, बाकीच्यांनी ते कॅलेंडरवर पाहिलं होतं. साहेब होते प्रफुल सर, माणूस हौशी. त्यांनी ठरवलं की गेम बाजारात आणण्याआधी तो खऱ्या जंगलातल्या लोकांकडून खेळून घ्यायचा. माझं गाव खेळेल, असा शब्द रंजीतानं दिला आणि स्वतःची नोकरी त्या शब्दाला बांधून बसली.

गावात मोबाइल वाटले गेले. रेंज फक्त पाण्याच्या टाकीखाली येते, म्हणून संध्याकाळी सगळं गाव टाकीखाली जमू लागलं. झोपड्या उभ्या राहिल्या, डुकरं माजली, भांडणंही वेळेवर होऊ लागली. पण आंबा काही कोणी तोडेना. आणि आंबा तोडल्याशिवाय गेमचा दुसरा टप्पा उघडत नव्हता.

कंपनीतल्या इंजिनियरांनी आधी उन्हाला दोष दिला, मग मोबाइलच्या काचेला, मग गावकऱ्यांच्या बोटांना. शेवटी प्रफुल सरांनी रंजीताला बोलावलं.

“तुह्या गावात एकाही माणसाले आंबा तोडता येत नाई काय? रविवारपर्यंत तुटला नाई, तं गेम बंद. मग तुले तरी कुठी ठेवू मी?”

रंजीता एसटीनं गावी पोचली ती थेट लच्छूकाकाकडे. लच्छू तिचा सख्खा काका आणि गावचा गायता, म्हणजे गावाची पूजाअर्चा त्याच्याकडे. शिवाय रानगावातली सगळ्यात मोठी झोपडी त्याचीच. तिनं आंब्याचं विचारलं, तेव्हा शहरात जाऊन पोरीच्या डोक्याला काही झालं की काय, अशा नजरेनं त्यानं पाहिलं. पुढचं बोलणं माडिया बोलीत झालं, ते इथं मराठीत देतो.

“पंडुम कुठं झालं अजून?” लच्छू म्हणाला.

मग रंजीताच्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या आंब्याचं पंडुम, म्हणजे सण, होऊन देवाला पहिला आंबा जाईपर्यंत गावात कोणी आंब्याला हात लावत नाही. लावला तर एक कोंबडा दंड. लहानपणी हे तिला पाठ होतं. नागपुरात बाराही महिने आमरस मिळतो, त्यात ते विरघळून गेलं.

“काका, हा मोबाइलातला आंबा हाये. खोटा हाये.”

“मंग मी दोन महिने खोट्या झोपडीत राहून राह्यलो काय?”

काकू धुरपतानं सूप बाजूला ठेवलं. “तिथलं डुक्कर मेलं, त हा दिवसभर जेवला नाई,” तिनं साक्ष दिली.

लच्छूची तक्रार पुढे होती. रंजीतानं जंगलात धबधबा घातला, मोर घातले, रोज संध्याकाळी नको इतका लाल सूर्य घातला, पण देवाची जागा काही ठेवली नाही. देव नसलेल्या जंगलात झाडाला आंबा लागलाच कसा, हे त्याला समजत नव्हतं. आणि एवढं करून नागपूरच्या तुझ्या साहेबानं परवा खेळात येऊन माझ्याच झाडाचा आंबा तोडला, ते साऱ्या गावानं टाकीखाली बसून पाहिलं, असंही त्यानं शांतपणे सांगितलं.

रंजीतानं टाकीखालूनच साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. प्रफुल सर म्हणाले, बोट चालते की नाही ते पाहायला तोडला होता. मग कोंबड्याच्या दंडाचं पुन्हा एकदा नीट विचारून घेतलं. धंद्यातला माणूस दंडाची चौकशी करू लागला की समजावं, त्याला काहीतरी दिसलं आहे.

त्याप्रमाणे गेम बदलला. रंजीतानं ऐनाच्या झाडाखाली देवाची जागा केली. पंडुमाच्या दिवसापर्यंत आंबा बंद. ज्याला धीर नसेल त्यानं कोंबडा द्यावा, आणि कोंबडा कंपनीकडून विकत घ्यावा. गेम बाजारात आला. पुण्या-हैदराबादच्या खेळाडूंना धीर नव्हता. कोंबडे इतके खपले की कंपनीनं वरचा मजलाही भाड्यानं घेतला आणि तिथं खिडकीजवळ रंजीताला कायमचं टेबल मिळालं. प्रफुल सर या प्रकाराला ‘सामूहिक प्रतीक्षेचं मॉडेल’ म्हणू लागले. पंचायतीला हे नाव कळवण्यात आलं नाही.

गावच्या खऱ्या पंडुमाला साहेब आवर्जून आले. लच्छूनं त्यांना बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि कोंबड्याची चौकशी केली. साहेबांनी हसत मोबाइल काढून दाखवला. कोंबडा केव्हाच दिला होता, तांबडा, लच्छूच्याच खेळातल्या अंगणात फिरत होता. लच्छूनं तो निरखून पाहिला, देखणा आहे म्हणाला.

“आंबा तुमी तिथी तोडला, कबूल,” तो साहेबांसाठी मराठीत म्हणाला. “पण पंच इथी बसले हायेत, साहेब. ते काय मोबाइल चाटतीन?”

साहेब गावातल्या एका मोटरसायकलवर रंजीताच्या मागे बसून बाजाराला गेले आणि काखेत कोंबडा धरून परतले. कोंबडा नीट धरता न आल्याचं त्यांच्या शर्टावरून दिसत होतं. संध्याकाळी पंचांनी तो शिजवला, दंड फिटल्याचं जाहीर केलं आणि नवा आंबा मिठासोबत साहेबांच्या हातावर ठेवला. साहेबांनी डोळे मिटून खाल्ला आणि आणखी एक मागितला.

“मोहफुलाचाबी नियम हाये आमच्यात,” लच्छू हाडूक चोखत म्हणाला. “तो नाई घेतला तुमी खेळात.”

“त्याले दंड काय?” साहेबांनी विचारलं.

“डुक्कर.”

दोघंही खूष झाले, आपापल्या कारणानं.