दूध पाजायची वेळ

लग्नाचा बस्ता बांधायला बिद्रीपासून पेठ वडगावपर्यंतची माणसं पृथ्वीराज शेठच्या साडीच्या दुकानात यायची, आणि आल्या आल्या "अरीबा कुठाय?" म्हणून विचारायची. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून ती त्याच काउंटरला होती.

बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात अंगावरून जायला लागलं. वार खाली आहे, फार वेळ उभं राहायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ती शेठकडे गेली.

"शेठ, व्हिडिओ कॉलवरची गिऱ्हाइकं माझ्याकडंच हाईत न्हवं? बाळ होईस्तोवर तेवढं काम घरातनं करू द्या. न्हाईतर काउंटरमागं एक स्टूल तरी द्या."

शेठ गल्ल्यावरून हसले. "घरात बसून पगार? उद्या दुकानातल्या समद्याच पोटुशा व्हत्याल. आणि गिऱ्हाईक उभं असताना आपल्यात कोण बसत न्हाई. जमत नसंल तर ऱ्हाऊ दे काम."

नवऱ्याच्या, नौमानच्या रिक्षावर घर चालण्यासारखं नव्हतं. अरीबा काउंटरला उभीच राहिली. आठव्या महिन्यात एका दुपारी नवरीच्या खांद्यावर हिरवा शालू धरून दाखवताना तिच्या पायावरून रक्ताचा ऊन ओघळ आला. ती तिथंच फरशीवर बसली. शालूबाई, दुकानातली सगळ्यात जुनी बाई, धावत आली. गिऱ्हाइकं माना उंचावून बघायला लागली, तसे शेठ ओरडले, "अरं, मागच्या दारानं न्या तिला! लोक बघाय लागल्यात."

शुद्ध हरपत होती, तरी एवढं तिनं नीट ऐकलं.

मुलगी वेळेआधीच झाली. पोर काचेच्या पेटीत होती आणि अरीबा काचेला हात लावून बसली होती, तेव्हाच दुकानाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून शेठनी तिचं नाव काढून टाकलं. पगारही थांबला. हाफिजा, तिची सासू, म्हणाली, "जाऊ दे, बेटा. पोरगी वाचली, तेवढं बघ." पोर घरी आली, अरीबाला नीट चालता यायला लागलं, तशी ती पहिली गेली ती कामगार कार्यालयात. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकलं आणि सांगितलं, "बाळंतपणाच्या रजेत कुणाला कामावरून काढता येत नाही. शेठना नोटीस जाईल."

नोटीस मिळाली तसे शेठ शिवाजी पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत आले. हातात झबलं-टोपडं आणि एक जाड पाकीट.

"झालं गेलं सोड आता. हे घे आणि तक्रार काढून टाक."

नौमाननं पाकिटाकडे बघितलं, मग बायकोकडे. अरीबानं पाकिटाला हात लावला नाही.

"मला नोकरी पायजे, शेठ."

"त्या दुकानात तुला आता काय सुख लागणार हाय?"

"मला न्हाई. तुम्हाला लागू द्यायचं न्हाई, म्हणून पायजे."

शेठ गेल्यावर नौमान न जेवताच रिक्षा घेऊन बाहेर पडला.

सुनावणीत शेठ म्हणाले की ती आपणहून गेली. शालूबाईनं उठून घडलं ते सांगितलं. शेवटी अरीबाला रजेच्या पगारासकट परत घ्यावं लागलं, आणि काउंटरमागं खुर्च्या आल्या. पूर्ण रजा भोगून अरीबा हजर झाली ती नेमकी लग्नसराईत.

पोर सव्वा वर्षाची होईपर्यंत दूध पाजायला रोज दोनदा सुट्टी मिळते, हे तिला अधिकारी बाईंनीच सांगितलं होतं. वेळा तिनं स्वतः मागून घेतल्या. दुसरी वेळ होती संध्याकाळची, दुकान गच्च भरायची.

एका रविवारी बिद्रीचं मोठं घराणं आलं होतं. साड्यांचा ढीग पडला होता, नवरी दोन शालूंमध्ये अडली होती. बाहेर नौमानच्या रिक्षाचा हॉर्न वाजला. हाफिजा पोरीला घेऊन उतरली. अरीबानं हातातली साडी खाली ठेवली.

"धा मिनिटं थांब की गं," शेठ तिच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले. "सगळा बस्ता हातचा जाईल."

"जाऊ दे की."

"लेकरानं जरा कळ काढली तर काय बिघडतंय?"

"तिनं पोटात असतानाच लई कळ काढलीया, शेठ."

ती मागच्या खोलीत गेली आणि पोरीला पदराखाली घेतलं. बाहेर शेठ स्वतः साड्या उलगडत होते. नवरीच्या आत्यानं किंमत विचारली, त्यांनी भलत्याच साडीची सांगितली, मग दुरुस्त केली. आत्या वैतागली. "ती बाई यीना व्हय? चला, दुसरं दुकान बघू." चपलांचे आवाज दाराकडे गेले.

शालूबाई आत डोकावली. "गेली समदी. शेठ डोकं धरून बसल्यात. पुरं कर की गं आता, आमचाबी पगार त्येच दुकान देतंय."

अरीबानं तिच्याकडे बघितलं. शालूबाईचं खरं होतं, हे तिलाही कळत होतं. पोरीचं पोट भरलं होतं, ती मांडीवर गाढ झोपली होती. सुट्टी संपायला अजून वेळ होता. अरीबानं भिंतीला पाठ टेकली आणि ती बसून राहिली.