दोन हातांचं झाकण

मित्रांनो, मला तोंड आहे, पण जीभ नाही. असती, तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळच आली नसती. जिला सांगायची तिला तेव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

मी लाकडी वाडगा. वाडगा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर ताकाचा वाडगा येईल, पण मी तसा नव्हे. अर्धा वर्ग माझ्याभोवती गोल बसून जेवेल एवढा मी ऐसपैस आहे आणि माझ्यावर तेवढंच भलंमोठं झाकण आहे. हवाईतल्या मोलोकाई बेटावर, समुद्राच्या काठाला एक रानभेंडीचं जुनं झाड वादळात पडलं. त्याच्या बुंध्यातून एका म्हाताऱ्यानं मला कोरून काढलं आणि आपल्या नातीला, मेलेआनाला, लग्नात दिलं. मेलेआना तेव्हा नवी नवरी होती. पुढं ती सगळ्या गावाची तूतू झाली. तूतू म्हणजे आमच्याकडची आजी.

घरात असताना मला एकदा मोठी भेग पडली. मेलेआनाची लेक उइलानी तेव्हा एवढीशी होती. मला डोक्यावर टोपीसारखं घालून ती अंगणभर नाचली आणि धाडकन पडली. मी फुटलो आणि पोरगी भोकाड पसरून बसली. तिच्या बापानं फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर कोरली आणि भेगेवर आडवी ठोकून दोन्ही काठ एकमेकांना घट्ट धरून दिले. आमच्याकडे फुटका वाडगा कुणी फेकत नाही. पाचर बसवलेल्या वाडग्याचा मान उलट वाढतो. "बघ, आता हा खरा आपला झाला," असं मेलेआना लेकीला म्हणाली होती.

पुढं शाळेत पोरांना बेटाची भाषा आणि अळवाची शेती शिकवायला मेलेआनाला बोलावलं, तेव्हा ती मला उराशी कवटाळून घेऊन आली. तेव्हापासून मी शाळेचा.

काय दिवस होते ते! तुमच्या जशा तिथी, तशी आमच्याकडे महिन्यातल्या प्रत्येक रात्रीला नाव आहे. रोज सकाळी पोरं ती नावं एका सुरात घोकायची. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी माझा दिवस. पौर्णिमा शनिवारी आली की पोरं कुरकुरायची, "या चंद्राला शाळेचं वेळापत्रक कोण शिकवणार?" मग माझा दिवस सोमवारी व्हायचा. शाळेमागच्या पाणथळ वाफ्यातून पोरं अळवाचे कंद उपटायची, गुडघाभर चिखल लेऊन यायची. कंद कापून घेतला की देठ परत चिखलात खोचायचा, हा तूतूचा पहिला धडा. "खाल्लंस तेवढं लावून ये," ती म्हणायची. मग कंद उकडायचे, सोलायचे आणि दगडाच्या बत्त्यानं फळीवर कुटून त्यांचा लगदा करायचा, हीच आमची पोई. पाणी कमी पडलं तर एका बोटावर उचलता येते अशी घट्ट पोई व्हायची, जास्त झालं तर तीन बोटं लावावी लागायची. पोरांचं निम्मं गणित या पोईतच व्हायचं. ऑगस्टात शाळेत आलेली रडकी पोरं मे महिन्यात गळ्यात फुलांचे हार घालून पुढच्या वर्गात जायची तेव्हा मीही मनातून थोडा फुगायचो.

आणि माझा एक नियम होता. तो तूतूचा एकटीचा नव्हे, आमच्या बेटांवर फार जुन्या काळापासून चालत आलेला आहे. पोईचा वाडगा उघडा असेल तर भांडायचं नाही. अळू हा आमचा थोरला भाऊ मानतात. थोरला पानात असताना धाकट्यांनी हमरीतुमरीवर येणं बरं दिसत नाही. नाव तूतू असलं तरी तिच्यासमोर तू-तू-मी-मी चालायची नाही.

पण पोरं ती पोरं. त्यांनी यातून पळवाट काढलीच. माकोआ आणि जेरिको नावाचे दोन वस्ताद होते. जेवताना चेंडूवरून जुंपली की माकोआ ओरडायचा, "थांब, झाकण लावतो, मग तुला दाखवतो!"

"लाव, लाव! घाबरतो का काय मी?"

पण झाकण कुठं असायचं? तूतूच्या बुडाखाली. ती खुशाल त्यावर बसून बोटं चाटत असायची. पोरं शोधशोध शोधायची आणि शेवटी भांडण कशावरून होतं तेच विसरायची. एकदा मात्र त्यांच्या हाती झाकण लागलं. तेव्हा तूतूनं आपला स्वतःचा नियम जोडला, "ज्या दोघांनी झाकण लावलं, त्या दोघांनीच ते उघडायचं. एका बाजूला एकाचा हात, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. तोवर कुणालाच पोई नाही." सगळा वर्ग उपाशी पोटी त्या दोघांच्या मागं लागला. अर्ध्या घटकेत झाकण उघडलं. किती हसलो होतो आम्ही सगळे! याच नियमाचा पुढं गळफास होईल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं?

उइलानी शिकून मोठी झाली आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. मायलेकी एका वर्गात. आई चिखलातलं शिकवायची, लेक फळ्यावरचं. मी दोघींच्या मधे. याहून जास्त सुख मला ठाऊक नाही.

एका पौर्णिमेनंतर जेवणं होत आली होती. पोरं नळावर हात धुवायला पळाली. माझ्यात अजून पोई होती. उइलानी बराच वेळ माझ्या काठावरून बोट फिरवत बसली आणि मग म्हणाली, "आई, आम्ही जायचं ठरवलंय. लास वेगासला. त्यांना तिकडे हॉटेलात काम मिळालंय. इथं दोघांनी मरमर राबूनही स्वतःचं छप्पर होत नाही गं."

 तूतूनं बुडाखालचं झाकण काढलं. उइलानीला कळलं. तिनंही एका बाजूनं हात लावला आणि दोघींनी मिळून माझं तोंड बंद केलं. बघा, भांडायच्या आधीसुद्धा किती रीतीनं वागल्या! पण झाकणाआडून मला सगळं ऐकू येत होतं.

"बोल आता," तूतू म्हणाली. "पोरांना शिकवतेस ना, कंद काढला तर देठ लाव म्हणून? आणि तू मुळासकट निघालीस?"

"देठ दुसरीकडेही रुजतो, आई."

"वाळवंटात? रुजेल हं, चांगला रुजेल! विमानतळावरच लावून बघ!"

"टोमणे नको मारूस. माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"मी असते तर आईला सगळं ठरल्यावर सांगितलं नसतं!"

"आधी सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

 माणसाकडे उत्तर नसलं की तो जे बोलू नये ते बोलतो. तूतू म्हणाली, "जायचंय ना? खुशाल जा. पण परत येऊन माझ्या वाडग्यात हात घालू नकोस."

"नाही घालणार," उइलानी म्हणाली.

पोरं दारात येऊन उभी होती. "झाकण लागलंय," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि सगळी तशीच थांबून राहिली. त्यांना वाटलं, आता उघडेल. मलाही तसंच वाटलं.

उइलानी गेली. जायच्या दिवशी ती वर्गात आली होती. मला भिंतीवरच्या फळीवर ठेवलं होतं, तिथं माझ्यासमोर उभी राहून ती दाराकडे बघत राहिली. तूतू तेव्हा वाफ्यात होती. लेक आल्याचं तिला दिसलं होतं, तरी तिनं चिखलातून पाय काढला नाही. एकीनं हाक मारायची होती, दुसरीनं वळून बघायचं होतं, इतकंच.

पौर्णिमा यायच्या, जायच्या. पोई कुटली जायची, पण ती निळ्या प्लास्टिकच्या टोपात. मी फळीवर, पोटातल्या पोईसकट. ती आधी आंबली, मग सुकली, मग माझ्या अंगाला खरपुडीसारखी चिकटून बसली. वास यायला लागला तेव्हा पोरं म्हणाली, "तूतू, उघडू या ना!"

"एक हात कमी आहे," ती म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

पोहाई नावाची एक चुणचुणीत मुलगी होती. ती एकदा म्हणाली, "तूतू, फोन करा ना त्यांना. सोप्पं आहे. मी लावून देऊ?"

"तोंड वर करून ती गेली. फोन तिनं करायचा."

"आणि त्या पण तिकडे असंच म्हणत असतील तर?"

"फार शहाणी झालीस! जा, देठ लाव जा." पण पोहाई गेल्यावर तूतू कितीतरी वेळ हातातलं फडकं पिळत बसली. मित्रांनो, मला तिचा फार राग आला होता. साऱ्या गावाच्या पोरांना शहाणं करणारी बाई आपल्याच नियमाला अशी अडकून पडते म्हणजे काय?

मग जूनची सुट्टी लागली. शाळेत चिटपाखरू नव्हतं. एका दुपारी तूतू आली. दमली होती, श्वास लागला होता. तिनं मला खाली घेतलं, मांडीत धरलं आणि एकटीनं, दोन्ही हातांनी माझं झाकण उघडलं. स्वतःचा नियम मोडला! माझ्या पोटातली खरपुडी तिनं पाणी घालून भिजवली, शिंपल्यानं हलके हलके खरवडली. मला ऊन न दाखवता सावलीत वाळवलं. मग रानअक्रोडाचं तेल बोटांवर घेऊन आतून बाहेरून चोळलं. त्या फुलपाखरावरून तिचं बोट परत परत फिरत होतं. आणि मग तिनं तोंड माझ्या तोंडाशी आणलं.

"उइ," ती म्हणाली, "चुकले गं मी. देठ कुठंही रुजतो. ये. हात घाल यात."

एवढं बोलून तिनं माझ्यावर झाकण ठेवलं आणि मला फळीवर होतो तिथं ठेवून दिलं. मला केवढा आनंद झाला! वाटलं, आता घरी जाईल आणि पहिला फोन लेकीला करेल. तालीम झाली माझ्यासमोर, खरं बोलणं तिकडे होईल.

तिनं फोन केला नाही. उद्या करीन म्हणाली असेल. माणसांकडे उद्या पुष्कळ असतात असं त्यांना वाटतं.

शाळा उघडली, पण तूतू काही परत आली नाही. हिवाळ्यात आमच्याकडचे पावसाचे दिवस लागले तेव्हा एका सकाळी पोरांनी चंद्राच्या रात्रींची नावं घोकलीच नाहीत. सगळी रडत होती. मला कळायचं ते कळलं.

आणि मग उइलानी आली. गळ्यात हिरव्या पानांचा हार, डोळे सुजलेले. वर्ग भरलेला होता. तिनं मला फळीवरून उतरवलं आणि चटईवर ठेवलं. पोहाई आता वरच्या वर्गात गेली होती, तरी तीही आली होती. तिला राहवलं नाही. "ताई," ती म्हणाली, "दोघींनी उघडायचं असतं ना ते?"

"हो गं," उइलानी म्हणाली. "पण दुसरी आता कुठून आणू?"

 उइलानीनं एका बाजूला हात लावला. दुसऱ्या बाजूला, जिथं आईचा हात असायचा तिथं, दुसरा लावला. नाक आखडून, मान वळवून तिनं झाकण उचललं. तिला वाटत होतं, आत तो जुना आंबूस वास असेल, सुकलेलं भांडण असेल. आणि आत काय, तर मी लख्ख! आत तेलाचा वास दरवळत होता.

ती बघतच राहिली. मग पोरांकडे वळून म्हणाली, "तिनं उघडलं होतं? कधी? काय म्हणाली ती? कुणी होतं का तेव्हा?"

पोरांनी माना हलवल्या. कुणीच नव्हतं. मी होतो, मित्रांनो! माझं तोंड उघडं होतं, तिचा चेहरा माझ्यावर वाकलेला होता, सगळे शब्द मला पाठ होते, आणि मला एकही बोलता आला नाही.

उइलानीनं हळूच माझ्यात हात घातला. पोई पुसून घ्यावी तसं रिकाम्या पोटाला बोट लावलं. ते बोट तेलकट झालं. ती हुंदके देऊन रडायला लागली. "आई, नुसता फोन करायचास ना गं," असं म्हणाली आणि मग म्हणाली, "मी तरी कुठं केला!"

जाण्याआधी तिनं वर्गाला सांगितलं, "तूतूचा नियम आजपासून बदलला. झाकण लावा, भांडा. पण उघडायला दोघांची वाट बघायची नाही. ज्याला आधी सुचेल त्यानं उघडायचं." आता पौर्णिमेनंतर माझ्यात पुन्हा पोई भरतात. पोरं भांडतात, झाकण लावतात आणि आधी कोण उघडतो याचीसुद्धा शर्यत लावतात. तूतू असती तर झाकणावर बसून हसली असती.

मित्रांनो, मला जपा, तेल लावा, उन्हात ठेवू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. बोलायचं ते माणसाला बोला, वाडग्याला नको. उइलानीच्या लहानपणी पडलेल्या त्या भेगेवर लाकडी फुलपाखरू बसलं, कारण तिचे दोन्ही काठ जागेवर होते. एक काठच निघून गेला, तर पाचर ठोकायची कशात?