कडकचं दार

मला पगार मिळतो तो काही न करण्याचा. हसू नका, फार अवघड काम आहे. आमचे हे रोज सकाळी चहा पिताना विचारतात, "मग, आज काय काय करायचं नाहीये?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसतात. आता यांना काय सांगणार! मी दुसऱ्याच्या घरी गेले तरी वाकडी चादर सरळ केल्याशिवाय जिला चैन पडत नाही अशी बाई. आणि नोकरी कुठली लागावी, तर ज्यांना थोडा आधार लागतो त्यांनी स्वतःच्या घरात स्वतःचं स्वतः राहावं म्हणून सोबत करण्याची. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे आमच्या संस्थेत पहिल्याच दिवशी बजावलं होतं. हात फारच शिवशिवले तर मांडीखाली घेऊन बसायचं. तोंडातून काढायचं ते एकच वाक्य, "मदत लागली तर माग."

ज्याच्या घरी मी अशी बसते त्याला सगळे कडक म्हणतात. लाँड्रीत कामाला आहे. त्याने घडी घातलेली चादर पाहिली की ती उलगडून अंथरायची हिंमत होत नाही, त्यावरून हे नाव पडलं आणि पुढे स्वभावालाही चिकटलं. जन्मापासून त्याला गोष्टी जरा उशिरा समजतात. डॉक्टरांकडे त्याला लांबलचक नाव आहे, ते माझ्या जिभेला झेपत नाही. पण एकदा समजलं की समजलं. मग तुम्ही उलटे टांगून घ्या, कडक बदलत नाही.

त्याची आई शिवणकाम करते. बाई मनाने लोण्यासारखी, पण लेकाच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून बसलेली. तिशीच्या मुलाला स्वतःच्या हाताने घास भरवायची! तो पहिल्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत राहायला आला तेव्हा तिने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि परवा फोनवर निकालच लावून टाकला. "रविवारी एक वाजता जेवायला येते. मला पटलं नाही, तर त्याला घेऊन जाणार. मग मला कुणी काही सांगू नका."

कडकने फोन ठेवला. "मावशी, मला इथेच राहायचंय," तो म्हणाला. इतकंच. आईचा शब्द मोडणं त्याला ठाऊकच नाही. ती चल म्हणाली असती तर हा मुकाट्याने चपला घालून निघाला असता.

रविवारी मी माझ्या ठरल्या वेळेला पोचले तेव्हा स्वारी ओट्यापाशी उभी होती. बेत त्याचाच होता, उकडलेले बटाटे, ऑम्लेट आणि पाव. भिंतीवर घड्याळ. त्यातले आकडे त्याला गोंधळात टाकतात, म्हणून पाहुणे यायच्या वेळेवर तो लाल ठिपका चिकटवतो. छोटा काटा ठिपक्यावर आणि मोठा काटा डोक्यावर आला, की दार उघडायचं. त्याआधी नाही.

तो बटाटे सोलत होता. कसले सोलत होता, सालीबरोबर अर्धा बटाटा जात होता! मी हात मांडीखाली घेतले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेवढ्यात बेल वाजली. घड्याळात पाहिलं, छोटा काटा ठिपक्यापासून चांगला लांब होता.

कडकने आधी गॅस बंद केला, हात पुसले, दाराच्या भिंगातून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "आई आहे!"

"उघड रे राजा," बाहेरून आवाज आला.

"नाही," कडक आनंदाने म्हणाला.

मी उडालेच.

"अरे, नाही काय? मी आहे, आई!"

"सगळे असंच म्हणतात."

आता हा प्रकार काय होता ते सांगायला हवं. तो इथे आला त्या आठवड्यात याच माउलीने त्याला दाराचा धडा दिला होता. ठरल्या वेळेआधी कुणीही आलं तरी उघडायचं नाही. ओळखीचं असलं तरी नाही, रडलं तरी नाही. नुसतं सांगून थांबली नाही. स्वतः बाहेर उभी राहून, आवाज बदलून बदलून सराव घेतला. "मी तुझ्या आईची मैत्रीण," "मी मीटर बघायला आलोय," आणि शेवटी, "मी आईच आहे रे!" त्या शेवटच्याला कडक फसला होता. त्याने दार उघडलं आणि बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. पोरगा ते विसरणार होता थोडाच!

"आई, मला कळलंय," तो दाराला तोंड लावून म्हणाला. "तू परीक्षा घेतेस. या वेळी मी नाही फसणार!"

"परीक्षा नाही रे! लवकर आले मी. सहज."

सहज म्हणे! याला पसाऱ्यात पकडायला आली होती, दुसरं काय. पण बाई चिडली तर संपलंच सगळं. मी उठले. "कडक, मी काही सांगू का?"

"नको, मावशी. मला येतं."

झालं. एकदा विचारायचं, नको म्हटलं की गप्प बसायचं. मी पुन्हा हातांवर बसले आणि मनातल्या मनात संस्थेच्या सगळ्या नियमांचा उद्धार केला.

बाहेरून एकदा "गॅस बंद केलास का?" आलं, इकडून "केला!" गेलं. मग जिन्यावर पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे काका खाली येत होते, निवृत्त पोस्टमन.

"उघडत नाही ना?" काका म्हणाले. "मलाही नाही उघडत. जन्मभर दारं वाजवली बाई, पण असं शिस्तीचं दार पाहिलं नाही. तुम्ही कोण?"

"आई आहे मी त्याची."

"अस्सं! मग बसा पायरीवर. माझे गुडघे गेलेत, बाजाराची पिशवी तोच वर आणून देतो. मी आजारी होतो तेव्हा तर रोज दोनदा येऊन विचारायचा, 'काका, मदत लागली तर माग.' अहो, मीच त्याच्या भरवशावर राहतो इथे!"

त्यावर ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. आत कडकने पुन्हा गॅस पेटवला, ऑम्लेट टाकलं आणि उलटलं. ते मोडलं. त्याने तुकडे गोळा केले, ताटलीत नीट लावले आणि त्यांच्यावर खुशीत मीठ भुरभुरलं. मग शर्ट बदलला, भांग पाडला आणि घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. काट्याला ढकलावं असं मला वाटत होतं. हा मात्र शांत!

छोटा काटा लाल ठिपक्यावर आला, मोठा डोक्यावर, आणि कडकने दार सताड उघडलं.

"ये आई! बरोब्बर वेळेवर आलीस!"

बाई दारात उभी. डोळे लाल, नाक लाल, एका हातात रिकामी बॅग. आता फुटणार हा ज्वालामुखी, म्हणून मी दोन पावलं मागे सरले. आणि ती हसायलाच लागली! पदराने डोळे पुसत हसली, चौकटीला टेकून हसली. "मीच शिकवलं, आणि मलाच बाहेर बसवलं गाढवाने!"

"पास झालो ना?" कडकने विचारलं.

"झालास रे बाबा."

जेवायला बसलो. सवयीने तिचा हात त्याच्या ताटलीकडे गेला, बटाटा कुस्करून द्यायला. मी हळूच म्हटलं, "ताई, हात मांडीखाली घ्या. मीही तशीच बसते." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाव चावायची थांबले. पण खरंच घेतले हो तिने! लेक जेवेपर्यंत दोघी बायका हातांवर बसून राहिलो, आणि आमचं ऑम्लेट पार गारढोण झालं.

"बॅग कशाला आणलीस?" कडकने मध्येच विचारलं.

"काही न्यायचं होतं," ती म्हणाली. "आता राहू दे."

मला इतकं बरं वाटलं की तिथेच नाचावंसं वाटलं. वय आडवं आलं.

निघताना ती दारात घुटमळली. पर्समध्ये बराच वेळ चाचपडली आणि एक किल्ली बाहेर काढली. याच दाराची. हा तिच्याकडे गेला होता तेव्हा गुपचूप दुसरी करून आणली होती म्हणे! माझं डोकंच सणकलं. बोलणार होते चार शब्द, अगदी ओठांवर आले होते.

"आज सगळा वेळ हातात धरून बसले होते," ती मला म्हणाली. "दोनदा कुलपाला लावली. पण फिरवली नाही." आणि तिने किल्ली पुढे केली.

कडकने किल्ली तिच्या हातातून घेतली. उलटसुलट करून पाहिली आणि दारामागच्या खिळ्यावर आपल्या किल्लीशेजारी नीट अडकवली. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"इथे ठेवलीय, आई," तो म्हणाला. "लागली तर माग."