सगळ्यात फाटकं पुस्तक

लेक पाच महिन्यांची झाली तरी आवाज करून हसली नव्हती. ओठांतल्या ओठांत हसायची, तेवढंच. माझ्या उशाशी बालसंगोपनाचं जाडजूड पुस्तक असायचं. त्यात होतं : 'चौथ्या महिन्यात बाळ मोठ्याने हसू लागते.' त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती. पुस्तक वाचनालयाचं असूनही.

दवाखान्यात दोनदा दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय, वजन छान आहे. एकेक लेकरू वेळ घेतं." घरी येऊन मी पुन्हा तेच पान उघडलं.

एरवी मी असलं वाचणारी नव्हते. मराठी घेऊन बी. ए. केलं, तेव्हा जिच्यात शेवटी कुणीही सुखी होत नाही तीच कादंबरी चांगली, असं माझं ठाम मत होतं. लग्न होऊन बजाजनगरला आल्यावरही तसल्याच आणायचे. बाळंतपणानंतर मात्र धीरच होईना. गोष्टीत कुणाचं लेकरू नुसतं शिंकलं तरी पुस्तक मिटायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाचोडहून सासूबाई आल्या, दगडाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. हयात शेळ्यांमागं गेली, अक्षराची ओळख नाही. चार दिवस त्यांनी मला नुसतं न्याहाळलं आणि पाचव्या दिवशी वाचनालयाचं कार्ड मागितलं.

"येकच बुक किती दिस घोकती? दुसरं आणते."

कार्डावर दोन पुस्तकं मिळायची, एक जागा रिकामीच होती. तरी मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळणार कोणतं आणायचं?"

"चाळीस वर्सं बाजारात शेळ्या इकल्या म्या. मला मालाची पारख शिकवती व्हय?"

त्यांची पारख सरळ होती. सगळ्यात फाटकं पुस्तक उचलायचं. "लोकं लई जातात ती वाट झिजती. कोरं बुक कुणाला नाय आवडलं, म्हणून तर कोरं ऱ्हायलं!"

पहिलं आलं ते कव्हर नसलेली खुनाची रहस्यकथा. कॉलेजात असते तर चिमट्यानंसुद्धा धरलं नसतं. पण आत्याबाईंचा हुकूम, "मोठ्यानं वाच. आणलंय म्या." मग दुपारी कूलरपुढं सतरंजीवर लेक मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना.

"दिवाणजीनंच मारलं," विसाव्या पानावर त्या म्हणाल्या. "घडीघडी पाणी मागतो मेला."

दिवाणजीच निघाला.

मग भुताच्या गोष्टी झाल्या. मग नव्वद पानं रडणारी एक नायिका. ("हिला घरात काम नाय का?") फाटक्या पुस्तकांची एक खोड असते, शेवटची पानं नसतात. मग शेवट आम्हीच लावायचो. कुणीही सुखी होऊ नये म्हणणारी मी, त्या नायिकेचं जेवणावळीसकट लग्न लावून मोकळी झाले! पण पान उलटताना नजर खाली लेकीकडं जायचीच. ती टुकूटुकू बघायची. आवाज नाही.

मे महिन्यात आत्याबाई विजयी मुद्रेनं आल्या. "याच्यावानी फाटकं आख्ख्या वाचनालयात नाय." उघडलं, तर शेळीपालन!

"ही गोष्ट नाही, आत्याबाई."

"असू दे. काय लिवलंय?"

"'करडू अर्ध्या तासात उभे राहते.'"

"आन नाय ऱ्हायलं तर?"

"ते नाही लिहिलं."

"मंग अर्ध्या तासाचं करडाला कुणी सांगितलं का?"

मी पुढं वाचलं, "'दोन आठवड्यांनी करडू उड्या मारू लागते.'"

"ह्यानं शेळी पाह्यली तरी का? आमच्या गावच्या भिकनचं येक करडू म्हैनाभर उडी मारंना. वैदू झाला, अंगारा झाला. आन येक दिस भिकन चहा पेत बसला तर थेट त्याच्या पाठीवर!"

सांगून भागेना. पदर खोचून त्या उठल्या. आधी करडू झाल्या आणि टुणकन उडाल्या. मग भिकन झाल्या, बशी सावरत "आयो, आयो!" करत खोलीभर फिरल्या. मला हसू फुटलं ते आवरेना. डोळ्यांतून पाणी आलं, हातातलं पुस्तक पडलं. इतकी मी कधी हसले होते, आठवेना.

तेवढ्यात खालून आवाज आला. ख्यँ. मला वाटलं उचकी.

पुन्हा, ख्यँ, ख्यँ! माझ्या तोंडाकडं बघत, मुठी आपटत लेक हसत होती.

"आली गं उडी!" आत्याबाई ओरडल्या. नातीला त्या स्वतःच्या आईच्या नावानं हाक मारतात. "माझी राजाबाई!"

"आत्याबाई, भिकन पुन्हा करा!"

सहा वेळा केला. रामकिसन, माझे मिस्टर, कंपनीतून आले तेव्हा त्यांची आई आणि बायको दोघी उड्या मारत होत्या. ते दारातच थबकले. "गावाकडं कळवू का कुणाला?"

दुसऱ्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन मी स्वतः आत्याबाईंबरोबर वाचनालयात गेले. बालसंगोपनाचं पुस्तक परत द्यायला काढलं. रेघ खोडून आणली होती, तरी पुसटशी दिसत होती. आत्याबाईंनी ते हातात घेऊन बघितलं. सगळं कोरं, एक पान तेवढं मळलेलं.

"येकच वाट तुडवली बाई तू."

मी कपाटाकडं वळले. बोट कोऱ्या पुस्तकांवरून सरकत गेलं आणि शिवण उसवलेल्या एका पुस्तकावर थांबलं. मागं उलटून पाहिलं. शेवटची पानं नव्हती.

घेतलं.