तिसरी जुडी

महिपत म्हणजे हट्टाचा कळस! बायको रेणुकाबाई दिवाळीत वारली, तेव्हापासून बेल्याजवळच्या एका गावात म्हातारा एकटा. लेक प्रगती आदिलाबादेहून घ्यायला आली की त्याचं एकच पालुपद, "तुही माय अजून घरातच हाय. मी नाई येत."

पुरावा काय, तर आंघोळीचं पाणी. अंगणातल्या चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं, म्हणजे गंज, आणि खाली पऱ्हाट्यांचं, कापसाच्या वाळक्या झाडांचं जळण. एका माणसाच्या पाण्याला पऱ्हाट्यांची एक जुडी, दोघांच्याला दोन, हा या घरचा जुना हिशेब. आता महिपत एकट्यापुरतं पाणी ठेवायचा, तरी दोन जुड्या जळाल्याशिवाय ते तापायचं नाही.

प्रगती शाळेत विज्ञान शिकवते. पाणी निम्मं तर तापायला वेळही निम्मा, हे पोरांना सांगून सांगून तिचा घसा बसलाय.

"बाबा, तुमी सवयीनं दोघांचं पाणी भरता, बाकी काई नाई. उद्या मी भरीन. आपलं दोघांचं पाणी दोन जुड्यांत तापलं, तं मुकाट्यानं संग चलायचं."

"चाल, कबूल," महिपत म्हणाला.

सकाळी थंडी अशी की बोटं वळेनात. प्रगतीनं स्वतःच्या हातानं माणशी एक अशा दोन बादल्या गंजात ओतल्या, झाकण ठेवलं आणि चुलीपुढून हललीच नाही. पहिली जुडी जळाली. दुसरीही जळून राख झाली. तिनं झाकण जरा सरकवून बोट बुडवलं. पाणी नुसतं कोमट.

पऱ्हाट्या तर कडकडीत वाळलेल्या होत्या. तिनं झाकण पुरतं काढलं. गंज तीन बादल्यांचा, आणि तिनं ओतलेल्या दोनच बादल्यांचं पाणी त्याच्या काठाला लागलं होतं.

ती भ्यायली, खरंच भ्यायली. मग तिला एकाएकी आठवलं, आई आंघोळीला नेहमी सगळ्यांच्या मागून जायची. तोवर चूल विझलेली आणि गंजाच्या तळाशी गार पाणी. जन्मभर तिच्या वाट्याला तेच आलं, आणि कुणी कधी विचारलंही नाही. प्रगतीला रडूच कोसळलं.

"तापलं काय वं?" महिपतनं ओसरीवरून विचारलं.

तिनं पदरानं डोळे पुसले.

"नाई बाबा. अजून एक जुडी आना. आज मायले पहिले आंघोळ करू द्या."