अर्धी बाटली

"फोडू का बे मधू, का नुसता पाहात बसतं तिच्याकडं?" नानाजींनी बिअरची बाटली उचलली.

मधुसूदनरावांनी स्टीलचे दोन पेले पुढे सरकवले. नाही म्हणायची वेळ हीच होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी नानाजी बोरी अरबहून एसटीने यवतमाळला यायचे. मागच्या ओट्यावर, दुपारच्या उन्हात, दोघांत एक बाटली. अख्खी कुणालाच झेपत नसे, म्हणून एकाने नको म्हटलं की ती उघडायचीच नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात हळू आवाजात नोकरी काढलेल्या मधुसूदनरावांना तेवढ्या अर्ध्या बाटलीवर मोकळं बोलता येई. अशी चाळीस वर्षं गेली.

मग नानाजी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी सहा महिने नागपूरला अडकले. इकडे डॉक्टरांनी मधुसूदनरावांचा गहू बंद केला. गहू, रवा, मैदा, जव, काहीच आतड्याला सोसत नव्हतं. पत्नी कुंदाताईंच्या ज्वारीच्या भाकरीने पोट शांत झालं. बिअर जवाची असते हे त्यांनी वाचलं होतं. पण इतकी वर्षं पचली, आज अर्ध्या बाटलीने काय होणार, असं ते चार दिवस मनाला समजावत होते. वावर बटईने कसायला देऊन नानाजी उद्या कायमचे नागपूरला, मुलाकडे, नयनकडे चालले होते. आज मधुसूदनरावांना 'नको जाऊस' म्हणायचं होतं. पोटात थोडी गेल्याशिवाय ते तोंडातून निघालं नसतं.

"ओत," ते म्हणाले.

"पाचवा माळा हाये लेका. नयन म्हणते, बाबा, गॅलरीत टमाटे लावा. मले कुंडीत वावर कराले लावून राह्यला पोट्टा!"

मधुसूदनराव खूप दिवसांनी खळखळून हसले. तासाभराने त्यांचा पेला रिकामा झाला. नानाजींचा बोलण्याच्या नादात तसाच भरलेला होता.

"नानाजी, ऐक. मला तुला एक..."

पोटात असा पीळ पडला की ते मोरीकडे धावले. उलट्या थांबेनात. नव्या गुडघ्यांनी वाकता येईना, तरी नानाजी भिंतीला टेकून त्यांचं कपाळ धरून उभे राहिले.

"अहो, जव चालत नाही हे पाठ होतं ना तुम्हाला?" कुंदाताई पाणी घेऊन आल्या.

"वहिनी, याले मालूम होतं?"

"यादी फ्रिजवर लावलीय."

"मंग कायले पेला बे?"

मधुसूदनराव धापा टाकत म्हणाले, "नाहीतर तू उघडली नसतीस."

नानाजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने मित्राचं तोंड पुसलं. "येडा बह्याड हायेस लेका," ते म्हणाले.

पाचची गाडी गाठायची होती. निघताना त्यांनी आपला पेला जपून परत बाटलीत ओतला.

"राहू द्या वहिनी. आलो की पेईन."

कुंदाताईंनी बाटलीच्या तोंडावर छोटी वाटी उपडी घातली आणि ती फ्रिजमध्ये ठेवली. उघडी बिअर टिकत नाही, हे तिघांनाही माहीत होतं.

दिवाळी झाली, गावोगावी कापूस घरात आला. फ्रिज पुसताना कुंदाताई दर वेळी विचारतात, "अहो, टाकू का ही?"

"असू दे."

महिन्याच्या शेवटच्या रविवारी मधुसूदनराव ती बाटली ओट्यावर आणून ठेवतात आणि शेजारी मठ्ठ्याचा पेला घेऊन बसतात. पाचच्या गाडीची वेळ टळली की वाटी नीट बसली आहे ना ते बघतात, आणि बाटली पुन्हा आत नेऊन ठेवतात.