चहा सोडलेला माणूस

"मूठ वळा, काका."

हरिश्चंद्रकाकांनी उजवी मूठ वळली. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात. नस शोधावी लागत नसे. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. आता गोडदेवच्या या सोसायटीच्या फळ्यावर रोज पाण्याची वेळ खडूने लिहायची, एवढंच उरलं होतं. पाण्याची वेळ चुकेल, पण काकांचा 'ळ' चुकणार नाही, असं बिल्डिंगमध्ये म्हणत.

सुगंधा लॅबतर्फे घरोघर जाऊन रक्त घेई. सत्तावीस वर्षांत हजारो हात तिच्या ओळखीचे झाले होते. तिचा चेहरा मात्र फारसा कुणाच्या लक्षात नसे, कारण सुई टोचताना लोक छताकडे बघतात.

काकांच्या हृदयात धातूची झडप होती. रक्त गोठू नये म्हणून रोज एक गोळी, आणि ते पुरेसं पातळ आहे का हे बघायला महिन्याला एक सुई. आकडा अडीचच्या वर हवा. गेल्या महिन्यात तो दोनवर उतरला होता.

"हिला चहा विचारू नको गं," काका आत ओरडले. "आपल्याकडे चहा बंद झालाय!"

"खरंच सोडलात?"

"तीन महिने झाले. डॉक्टरांनी विचारलं, चहा? तंबाखू? म्हटलं, दोन्ही बंद!"

शुभदाकाकी हिरवट पाण्याचा कप घेऊन आल्या. "हे घे. आमच्या नातीने, क्षितिजाने आणलंय. हे दिवसाला दोन थर्मास संपवतात."

"काकी, हा चहाच की. ग्रीन टी."

"दूध नाही, साखर नाही, आलं नाही. ह्याला चहा कोण म्हणेल?"

काकी रत्नागिरीच्या, कोथिंबिरीच्या काड्याही फेकायच्या नाहीत. उकळलेली पानंसुद्धा त्यांच्याकडे थालीपिठात जात होती. "वाया कशाला घालवायची? पालेभाजीच ती."

पालेभाजी. सुगंधाचा हात कापसावर थांबला. हीच गोळी घेणाऱ्या वरसाव्याच्या एका बाईंना डॉक्टरांनी मेथी-पालक बेताने खायला सांगितलं होतं. हिरव्या पाल्याने गोळीचा जोर कमी होतो म्हणे. बोलावं का? मागे एका पेशंटला ती असंच काही बोलली, तेव्हा लॅबचे निकेत सर म्हणाले होते, "सुगंधाताई, आपण रक्त आणायचं. सल्ला नाही."

तिने कापूस दाबला. "पाच मिनिटं धरून ठेवा, काका," म्हणाली आणि उठली.

रिपोर्ट आला, एक पूर्णांक सहा. डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. रविवारी सकाळी फळ्यापाशी काकांच्या हातातून खडू पडला. गुठळी मेंदूत गेली होती.

सहा आठवड्यांनी सुगंधा पुन्हा आली. खाली फळ्यावर 'पाण्याची वेळ ५ ते' एवढंच होतं. पुसलं कुणी नव्हतं. नवी वेळ छापलेला कागद सेक्रेटरींनी शेजारच्या भिंतीवर चिकटवला होता.

काका खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला. थर्मास कुठे दिसत नव्हता.

"हॉस्पिटलात सगळं खाणंपिणं खोदून विचारलं, तेव्हा कळलं," काकी म्हणाल्या. "आधी नुसतं 'चहा' विचारायचे गं."

"काकी, त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं. बोलले नाही."

काकी गोळ्यांच्या डब्यात वारांप्रमाणे गोळ्या भरत होत्या. शनिवारपर्यंत भरून झाल्या.

"तुझ्या नुसतं मनात आलं," त्या म्हणाल्या. "थालीपीठ मी थापलं."

सुगंधाने पट्टा डाव्या दंडाला बांधला. "मूठ वळा, काका."

"थांब," काका म्हणाले. शब्द जड होता, पण नीट कळला.

त्यांनी डाव्या हाताने मांडीवरच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून आत दुमडली. अंगठा राहिला होता, तोही वर बसवला. मग डावी मूठ वळली. आज ते छताकडे बघत नव्हते.

"घे," म्हणाले.